गिळलेला ‘ना’

परवान्यांच्या कचेरीत तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली होती. खोलीत एक टेबल, एक टेलिफोन, एक कॉम्प्युटर आणि एक बाई. चौकशी विभाग म्हणायचा तो एवढाच. त्या बाईंना सगळी कचेरी चौकशीताई म्हणायची. वय सत्तेचाळीस. सहाव्या वर्षी तापात दोन्ही डोळे गेलेले. पण आंधळं माणूस चाचपडत चालतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ताईंना जिना उतरताना बघायला हवं होतं. पायाला भिंगरी लावल्यासारख्या उतरायच्या, आणि काठी मागून धावत आल्यासारखी वाटायची. शिपाई म्हणायचा, “ताई, काठीला तरी दम खाऊ द्या.”

काम साधं होतं. लोक फोन करून अर्जाचा नंबर सांगत. ताई तो नंबर टाइप करत. पडद्यावर जे उमटेल ते कॉम्प्युटरमधला एक आवाज त्यांना वाचून दाखवी आणि त्या फोनवर सांगत. त्या आवाजाला त्यांनी पोपट असं नाव ठेवलं होतं. पोपट इतक्या वेगात बोले की दुसऱ्या कुणाला ती नुसती खरखर वाटे. ताईंना मात्र त्यातला शब्द न् शब्द कळायचा. डाव्या कानाला पोपट आणि उजव्या कानाला जनता, अशी त्यांची एकोणीस वर्षांची नोकरी.

पोपटाचा आवाज कॉम्प्युटरमधून थेट येत नसे. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या हेडफोनच्या भोकातून सतत सूं सूं यायचं, म्हणून साबणाच्या वडीएवढी एक बाहेरची साउंडपेटी त्यांना मिळाली होती. ती एका वायरीने कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचलेली आणि हेडफोन पेटीत. वीजही तिला त्याच वायरीतून मिळे. सहा वर्षं पेटीने कुरकूर केली नव्हती. मग कचेरीत सगळीकडे नवे कॉम्प्युटर आले. ताईंच्या टेबलावरही एक आला, आणि जुनी पेटी त्याला जोडली गेली.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी एक बाई तरातरा खोलीत शिरली.

“फोनवरच्या तुम्हीच का?”

“हो. बसा ना.”

“बसायला नाही आले मी. माझं पाळणाघर बंद करून गेले तुमचे लोक. दाराला कुलूप घातलं. पोरं रडत होती, त्यांच्या आया कामावर. आणि मला म्हणतात, परवानगी नसताना चालू कसं केलंत? अहो, तुम्हीच नाही का सांगितलंत, मंजूर म्हणून?”

ताईंनी नंबर विचारला. चार आठवड्यांपूर्वीचा फोन त्यांना आठवत होता. बाईचा आवाज तेव्हा आनंदाने फुटला होता. ‘उद्याच कारखान्यात राजीनामा देते,’ असंही ती म्हणाली होती.

“मी मंजूरच ऐकलं होतं,” ताई म्हणाल्या. “थांबा, पुन्हा बघते.”

त्यांनी नंबर टाकला, एंटर दाबलं. पोपट लगेच बोलला. आरडाओरडा ऐकून साहेब दारात येऊन उभे होते, शिपाई त्यांच्या मागे. ताईंनी हेडफोन काढून आवाज मोठ्याने लावला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. पोपट स्पष्ट म्हणाला, “नामंजूर.”

मग पाळणाघरवाली बाई अगदी हळू म्हणाली, “माझी नोकरी गेली हो,” आणि निघून गेली. तिच्या आरडाओरड्यापेक्षा हे वाक्य ताईंना जास्त लागलं.

साहेब तसे वाईट नव्हते, पण कागद पुढे सरकवण्यात त्यांचा हात फार चाले. संध्याकाळच्या आत ताईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला. ‘ऐकण्यात चूक. समज दिली.’

घरी ताईंना एका जागी बसवेना. त्यांचे यजमान शिंपी होते आणि पुढच्या खोलीत त्यांचं मशीन असे. ताई मशीनपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि स्वयंपाकघरापासून मशीनपर्यंत फेऱ्या मारत राहिल्या.

“अगं, बस जरा. फरशी झिजेल.”

“अहो, मला काहीतरी म्हणून दाखवा. ‘ना’ने सुरू होणारं.”

“नाना. नारळ. नाक. नाद सोड.”

“ऐकू येतंय की सगळं!”

“मग?”

“मग मला मंजूर कसं ऐकू आलं?”

यजमानांनी मशीनचा पायटा थांबवला. “वय होतं गं माणसाचं. कानही माणसाचेच.”

हेच ताईंना नको होतं. डोळे गेल्यावर कान हीच त्यांची सगळी पुंजी होती, आणि आता तीच खोटी निघते की काय, हा भुंगा डोक्यात शिरला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तासभर बारीक बारीक आवाज ऐकवले आणि शेवटी म्हणाल्या, “बाई, तुमचे कान माझ्यापेक्षा तरणे आहेत. पुन्हा येऊ नका.”

यजमानांना वाटलं, चला, सुटलो. पण ताईंची तगमग आणखी वाढली. कान ठीक आहेत, मग पाणी मुरतंय कुठे?

उत्तर पुढच्या सोमवारी आपण होऊन चालत आलं. एका माणसाचा फोन आला. ताईंनी नंबर टाकला, एंटर दाबलं आणि वाट पाहिली. दुपारी सगळ्या शाखा एकदम काम करत, त्यामुळे उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागत. मग पोपट म्हणाला, “पात्र.”

“तुम्ही पात्र आहात,” ताई म्हणाल्या.

“पण माझ्या हातात पत्र आहे बाई, त्यात अपात्र लिहिलंय. कुठलं खरं, तेवढंच विचारायला फोन केला.”

त्यांनी बाणाचं बटण दाबून तीच ओळ पुन्हा वाचायला लावली. पोपट म्हणाला, “अपात्र.”

तोच शब्द. पहिल्यांदा अर्धा आणि दुसऱ्यांदा पूर्ण.

फोन ठेवून त्यांनी दार लोटून घेतलं आणि तपासायला बसल्या. ओळ वाचायला लावायची, मनात आकडे मोजत गप्प बसायचं, मग पुन्हा वाचायला लावायची. पाच मोजून ‘अपात्र’. आठ मोजून ‘अपात्र’. दहा मोजून ‘पात्र’. आणि त्याच्या आधी, अगदी नखाने काचेला टिचकी मारावी इतका हलका, एक ‘टिक्’. पुन्हा दहा, पुन्हा टिक्, पुन्हा ‘पात्र’. वीस वेळा केलं आणि वीसही वेळा तेच. सकाळी उत्तर झटकन येतं, म्हणून शब्द पूर्ण ऐकू येतो. दुपारी उत्तर रेंगाळतं आणि पहिलं अक्षर कुठेतरी गडप होतं. घोडं पेंड खात होतं ते इथे.

त्यांनी संगणकवाल्याला बोलावलं. कचेरीत त्याचं नाव रिस्टार्ट पडलं होतं, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचा तोच एक काढा. दोन मुलांचा बाप, सदा घाईत, चपला काढायच्या आधी निघायची तयारी. तो आला, उभ्या उभ्या चार-सहा बटणं दाबली, पोपट खडाखडा बोलला.

“बोलतोय की चांगला. रिस्टार्ट करून देतो.”

“अरे, तू थांबतच नाहीस. थांबल्यावर बिघडतं ते.”

“ताई, वरच्या मजल्यावर प्रिंटर जळतोय,” असं म्हणत तो गेलासुद्धा.

ताई त्याच्या मागून वरच्या मजल्यावर गेल्या. प्रिंटर जळत नव्हता, त्यात नुसता कागद अडकला होता. तो काढून होईपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मग त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली आणलं. खुर्चीत बसवलं. हेडफोन त्याच्या कानाला लावला.

“हात मांडीवर ठेव. पडद्यावर काय लिहिलंय?”

“नामंजूर.”

“आता मी म्हणेपर्यंत काहीही करायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही.”

“किती वेळ?”

“गप.”

रिस्टार्टला पंधरा सेकंद म्हणजे जन्मठेप. खुर्ची करकरत होती, चप्पल जमिनीवर ठेका धरत होती. ताईंनी बटण दाबलं. करकर एकदम थांबली.

“पुन्हा दाबा,” तो म्हणाला. ताई थांबल्या, मग दाबलं. “आयला! लिहिलंय नामंजूर आणि हा म्हणतोय मंजूर. ताई, हा तर ध चा मा करतोय!”

“आता कळलं?”

त्याने पहिल्यांदाच घड्याळ न बघता काम केलं. उपकरणांच्या यादीत शिरला, पेटीचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. तिथे लिहिलं होतं, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची कॉम्प्युटरला परवानगी. पुढे बरोबरची खूण.

“जुन्या मशीनला ही अक्कल नव्हती,” तो म्हणाला. “नवं फार काटकसरी आहे. पेटी दहा सेकंद गप्प बसली की हे तिची वीज आखडून घेतं. पेटी झोपते. पोपट बोलायला लागला की तिला उठवतं, पण डोळे चोळून उठेपर्यंत त्याचं पहिलं अक्षर बोलून झालेलं असतं. आधी टिक् वाजतं ना, ती तिची जाग.”

त्याने खूण काढली. दहा मोजून ‘नामंजूर’. वीस मोजून ‘नामंजूर’. रिस्टार्ट खूश झाला. ताई झाल्या नाहीत.

“हे मशीन येऊन किती दिवस झाले?”

“सहावा आठवडा चालू आहे.”

“म्हणजे एवढे दिवस मी किती जणांना काय काय सांगितलं असेल?”

हा प्रश्न मात्र रिस्टार्ट करून सुटणारा नव्हता. ताई प्रत्येक फोनचा अर्जक्रमांक आणि फोन नंबर जाड कागदावर ब्रेलमध्ये टोचून ठेवत. त्या दिवसांतले दुपारचे फोन त्यांनी बोटांनी मोजले. दोनशे बारा. त्या साहेबांकडे गेल्या आणि सगळं सांगून म्हणाल्या, “या सगळ्यांना मी परत फोन करणार आहे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हात दाखवून अवलक्षण कशाला, ताई? ज्यांना चुकीचं कळलं त्यांना पत्र जाईलच.”

“पाळणाघराला पत्र जायच्या आधी कुलूप गेलं, साहेब.”

“उद्या वर्तमानपत्रात येईल.”

“येऊ दे. शेरा माझ्या पुस्तकात आहे, तुमच्या नाही.”

साहेबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ताईंनी ते हो समजून घेतलं आणि रोज दोन फोनांच्या मधल्या फटीत एकेकाला गाठायला सुरुवात केली. बहुतेकांना बरोबरच कळलं होतं आणि सरकारी कचेरीतून आपणहून फोन येतो याचंच त्यांना नवल वाटे. पण नवव्या फोनला एक न्हावी भेटला, ज्याने ‘मंजूर’ ऐकून दुकानाची जुनी जागा सोडायची नोटीस दिली होती. अजून चार दिवस हातात होते. त्याने आधी दोन शिव्या दिल्या, मग नोटीस मागे घ्यायला पळाला. संध्याकाळी त्याचाच परत फोन आला. “शिव्या मागे घेतो बाई. जागा वाचली.”

असे तिघे निघाले. आणि एकशे चाळिसाव्या फोनच्या आसपास, बुधवारी दुपारी, ताईंना पुन्हा ‘टिक्’ ऐकू आलं.

त्यांनी हातातला फोन तिथेच थांबवला. चूक निस्तरायला केलेल्या फोनवर तीच चूक पुन्हा! त्या दारात जाऊन इतक्या मोठ्याने ओरडल्या की रिस्टार्ट दोन मजले उतरून धावत आला.

“शक्यच नाही. मी स्वतः खूण काढली होती.” मग पडद्याकडे बघून म्हणाला, “परत आलीये.”

“भूत आहे का?”

सफाईवाली मावशी दाराशीच पोछा पिळत होती. ती म्हणाली, “सकाळी टेबल पुसायला मी वायरी काढल्या होत्या. सगळ्या परत लावल्या हो. चुकलं का काही?”

रिस्टार्टने कपाळावर हात मारला. मावशीने पेटीची वायर दुसऱ्या भोकात खोचली होती. नवीन भोकात गेली की कॉम्प्युटरला वाटतं, ही पेटी नवीन पाहुणी, आणि तो तिला पुन्हा आपले काटकसरीचे नियम लावतो.

“म्हणजे आजवर बोलणी खाल्ली मी आणि गुन्हेगार भोक!” ताई म्हणाल्या. “चोर सोडून संन्याशाला फाशी.”

या वेळी रिस्टार्टने वरवर मलम लावलं नाही. वीज वाचवण्याची जी मूळ पानं असतात तिथे जाऊन त्याने सगळ्याच यूएसबी भोकांची झोप बंद केली. ताईंनी त्याला तरीही जाऊ दिलं नाही. अर्धा मिनिट थांबून बघितलं, मग एक, मग पाच. सगळं ठीक. जेवणाची सुट्टी झाली. परत येऊन ताईंनी बटण दाबलं. “मंजूर.”

रिस्टार्ट डबा अर्धा टाकून आला होता. तो पेटी उलटीसुलटी करत राहिला. शेवटी म्हणाला, “आता कॉम्प्युटरचा दोष नाही. पेटीच स्वतःहून डुलकी घेते, दहा-बारा मिनिटं आवाज आला नाही की. ते तिच्या पोटातलं आहे. तिथे माझा हात पोचत नाही.”

“सहा वर्षं कुणाला कळलं नाही ते?”

“जुन्या मशीनवर उत्तर यायच्या आधी ‘निर्णय’ असा शब्द वाचायचा ना पोपट? ती तो शब्द गिळायची. तुमच्या कामाचं काही जात नव्हतं.”

ताई खोलीत फेऱ्या मारायला लागल्या. तीन पावलं इकडे, तीन तिकडे. टेबलाचा कोपरा दोनदा लागला, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

“तिला गप्पच बसू दिलं नाही तर?” त्या थांबून म्हणाल्या. “सतत काहीतरी वाजत ठेवायचं. मला ऐकू येणार नाही इतकं हळू, पण तिला वाटलं पाहिजे काम चालू आहे.”

रिस्टार्टने क्षणभर विचार केला आणि बसला. अर्ध्या तासात त्याने एक आवाज तयार केला. जवळजवळ शून्य, कॉम्प्युटर चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत आपोआप फिरत राहणारा. ताईंनी हेडफोन लावला. “आहे का काही?” “काहीच नाही.” चाळीस मिनिटांनी बटण दाबलं. “नामंजूर.” दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेच. मावशीकडून मुद्दाम वायर तिसऱ्या भोकात खोचून घेतली, तरी तेच. शिवाय पडद्यावरचा निकाल आता नुसता एका शब्दात येणार नाही, त्याच्याआधी ‘या अर्जाचा निर्णय’ असे तीन शब्द येतील, हे रिस्टार्टने वरच्या लोकांशी भांडून करून घेतलं. यापुढे काही गिळलं गेलंच, तर ते शब्द आधी जातील.

उरलेले फोन ताईंनी आठ दिवसांत संपवले. शेवटी एकच नंबर उरला आणि तिथे त्यांना फोन करायचा नव्हता. रविवारी यजमानांना बरोबर घेऊन त्या पाळणाघरवाल्या बाईच्या घरी गेल्या.

बाईने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. ताईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमची पेटी झोपली आणि माझी नोकरी गेली.”

“हो.”

“आणि मी काय करू याचं?”

“तुमचा अर्ज का नाकारला, ते कुणी सांगितलं का तुम्हाला?”

“कोण सांगतंय?”

“घराला एकच दार आहे म्हणून. मुलं असतील तिथे बाहेर पडायला दुसरी वाट लागते. अपील करता येतं. मुदत सतरा दिवस उरली आहे. कागद मी सांगते, लिहा.”

यजमानांना परत फिरावंसं वाटत होतं आणि ते ताईंच्या कोपराला हळूच ओढत होते. मग आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि बाई म्हणाली, “बसा. पेन शोधते.” पण चहाचं विचारलं नाही, आणि ताईंनाही ते बरोबरच वाटलं.

मागच्या न्हाणीघराची भिंत फोडून दुसरं दार करायला बाईच्या भावाला तीन आठवडे लागले. अपिलाचा कागद कुठल्या टेबलावर अडकलाय, हे ताई रोज वरच्या मजल्यावर जाऊन विचारत. तिथले कारकून काठीची टकटक ऐकली की फाइल आधीच हातात घेऊन बसायला लागले. सात आठवड्यांनी निकाल लागला. ताईंनी तो पोपटाकडून तीनदा वाचून घेतला, शिपायाला पडद्यावर वाचायला लावला आणि मगच फोन लावला.

“मंजूर,” त्या म्हणाल्या.

पलीकडून बाई म्हणाली, “आधी काही नाही ना?”

“काही नाही. नुसतं मंजूर.”

“लेखी आल्यावरच सुरू करीन,” बाई म्हणाली आणि फोन ठेवला. राग गेला नव्हता. पुढेही तो पूर्ण कधी गेला, असं ताईंना वाटलं नाही.

सेवापुस्तकातला शेरा पुसला गेला नाही. पुसायची पद्धतच नव्हती. रिस्टार्टने दोन पानी अहवाल लिहून दिला, तेव्हा साहेबांनी शेऱ्याखाली आणखी एक ओळ टाकली. ‘दोष यंत्राचा. कर्मचाऱ्याने स्वतः शोधला.’ ती त्यांनी ताईंना स्वतः वाचून दाखवली आणि वर म्हणाले, “झालं समाधान?”

“नाही,” ताई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. तेव्हापासून त्या एकेक शब्द दोनदा ऐकू लागल्या आणि फोनवर त्यांची उत्तरं पूर्वीपेक्षा हळू झाली. लोक कुरकुरत. घरी यजमानांनी ‘हो’ म्हटलं तरी त्या विचारत, “नक्की हो ना?” यजमान मशीन थांबवून म्हणत, “लिहून देऊ का?”

दोन महिन्यांनी एका दुपारी दुसऱ्या एका कचेरीतून फोन आला. बोलणारा चाचरत होता. तो टायपिस्ट होता, त्यालाही दिसत नव्हतं. नवीन कॉम्प्युटर आल्यापासून त्याच्या पत्रांत चुका निघत होत्या आणि त्याच्या साहेबांनी त्याला शेवटची ताकीद दिली होती. ताईंकडेही आपल्यासारखीच पेटी आहे आणि त्यांनाही असाच शेरा मिळाला होता, एवढं त्याच्या कानावर आलं होतं.

“शब्दाच्या आधी टिक् ऐकू येतं का?” ताईंनी विचारलं.

पलीकडचा माणूस चाचरायचा थांबला. मग म्हणाला, “तुम्हाला कसं माहीत?”

“पेटीला हात लावू नका आणि आज एकही पत्र पाठवू नका. पत्ता सांगा.”

त्यांनी पत्ता टोचून घेतला, शिपायाला फोनपाशी बसवलं आणि रिस्टार्टला बाही धरून आणायला त्याच्या मजल्याकडे जिना चढायला लागल्या.